महालक्ष्म्यांखालचं इंग्रजी कपाट

एकदाचं सांगून टाकते. सलग आठ वर्षं मी आमच्या महालक्ष्म्यांचं तीर्थ एका इंग्रज बाईच्या संडासात ठेवलं, आणि तिथून पळीपळीने ते टूनगॅबी-वेंटवर्थव्हिलच्या समस्त मराठी बायकांना पाजलं.

संडासात म्हणजे संडासाच्या खोलीत नव्हे. तेवढी अक्कल होती. चांगलं दिवाणखान्यात, रांगोळी काढून, समया लावून, सोळा भाज्यांचा नैवेद्य दाखवून. संडासच गुलाबाच्या माळा घालून दिवाणखान्यात आला होता आणि मी त्याला हळदकुंकू लावून भिंतीशी बसवला. ज्यांनी ते तीर्थ घेतलं त्यातल्या बऱ्याच जणी आता माझ्यासारख्याच आज्या आहेत आणि धडधाकट आहेत. हे वाचून एखादीच्या पोटात ढवळलं तर तिने आल्याचा तुकडा चघळावा. मलाही लिहिताना ढवळतंय, पण ते त्या संडासामुळे नाही.

तेव्हाची मी पस्तिशीची होते. लांब वेणी, बारीक कंबर आणि डोकं म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. यांना सिडनीत नोकरी लागली, लेक पाच वर्षांची होती, आणि आम्ही टूनगॅबीत आलो. माझं सासर मराठवाड्यातलं. पुण्याकडच्या बायका ज्यांना गौरी म्हणतात त्यांना आम्ही महालक्ष्म्या म्हणतो. थोरली आणि धाकटी अशा दोघी, गणपतीच्या दिवसांत तीन दिवस मुक्कामाला येतात. मुखवटे पितळी, साड्या नेसवायच्या, आणि उभ्या करायला खाली कोठ्या. कोठीच्या पोटात गहू-तांदूळ भरायचे, म्हणजे घराचं पोट भरलेलं राहतं. सासूबाईंनी मुखवटे माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "परदेशात जातेस, जा. पण सोवळं सोडू नकोस."

सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या. बाकी सगळं मी आपलं आपण वाढवलं.

मुखवटे हातातल्या बॅगेतून आणले. कोठ्या कुठून आणणार? आता वेंटवर्थव्हिलच्या दुकानात घडीचे लोखंडी स्टँड टांगलेले असतात, माझी लेक तिथूनच आणते. तेव्हा नव्हते. पहिल्या वर्षी वॉशिंग मशीनच्या खोक्यावर उभ्या केल्या. दुसऱ्या वर्षी इस्त्रीच्या टेबलावर, तर ऐन आरतीत थोरली धाकटीच्या अंगावर कलंडली. सगळ्या बायका "अगं बाई, अगं बाई" करत धावल्या आणि मी दोन दिवस रडले.

शेजारच्या घरात एक विधवा बाई राहायची, साठीच्या पुढची, शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. तिच्याबरोबर एक जाडा, तपकिरी, म्हातारा कुत्रा. आम्ही आलो त्या आठवड्यात ती केक घेऊन दारात उभी राहिली. तो केक मी दोन्ही हातांनी घेतला, गोड हसले, आणि ती गेल्यावर कचऱ्यात टाकला. अंड्याचा होता म्हणून नव्हे. तिने केला होता म्हणून.

काय सांगू त्या बाईची मला किती किळस यायची. ती नाक शिंकरायची ते रुमालात, आणि तो रुमाल परत बाहीत खोचून त्याच हाताने पाव कापायची. भांडी फेसाच्या पाण्यात बुडवायची आणि वरून पाणी न घेता तशीच फडक्याने पुसायची. कुत्रा तिच्या सोफ्यावर बसायचा. जेवून झालं की ती ताटली खाली ठेवायची, कुत्रा चाटून लख्ख करायचा, आणि ती ताटली त्याच फेसात. हे मी कुंपणावरून, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. इतकी मन लावून पाहायचे, की तेवढ्या वेळात माझी आमटी उतू जायची.

आणि एवढ्या घाणेरड्या बाईकडे मी माझी पोटची पोर ठेवायचे. मला पॅरामॅटाला ऑफिसात काम मिळालं होतं. शाळा तीनला सुटायची, मी साडेपाचला घरी. शेजारीण आपणहून म्हणाली, "आर्व्होला माझ्याकडे राहू दे तिला, मला सोबत." आर्व्हो म्हणजे दुपार, इकडे असंच म्हणतात. मोबदला विचारला तर तिला राग आला. मग मी काय करायचे, तर लेकीबरोबर डबा द्यायचे, स्टीलचा पेला द्यायचे, चमचासुद्धा आपला द्यायचे. ती घरी आली की आधी आंघोळ, मग आईच्या कुशीत. लेक त्या पेल्यातून कधी प्यायली नाही हे मला तिच्या लग्नानंतर कळलं. "आई, आय हॅड चॉकलेट मिल्क देअर एव्हरी सिंगल डे," म्हणाली, "कुत्र्याच्या शेजारी बसून."

शेजारीण आमच्याकडे आली तर तिला व्हरांड्यातली खुर्ची. तिचा कप वेगळा होता. कान उडालेला, निळ्या काठाचा, धुलाईच्या खोलीत साबणाच्या पावडरीशेजारी ठेवलेला. ती प्यायची, "लव्हली" म्हणायची, आणि दर वेळी उठताना सांगायची, "आता तू ये एकदा आत, निवांत बस, मी चहा करते." मी म्हणायचे, "नो वरीज, नेक्स्ट टाइम." हे चार शब्द मी या देशात आल्या आल्या शिकले. पहिली दोन वर्षं मला त्यांच्यावर छान निभावून नेता आली.

तिसऱ्या वर्षी गणपतीच्या आधीच्या शनिवारी ती गराज साफ करत होती. कुंपणावरून मला ते दिसलं.

कमरेएवढं उंच, फिकट मधाच्या रंगाचं कपाट. कडेने गुलाबाच्या माळा रंगवलेल्या, त्यांना निळ्या रिबिनींच्या गाठी, मधल्या लंबगोलात झाडाखाली बसलेली एक बाई. वरच्या फळीला तीन बाजूंनी नक्षीदार कठडा, म्हणजे हळदीकुंकवाचे करंडे घरंगळून पडायला नकोत. रुंदी अशी की दोघी शेजारी शेजारी ऐसपैस उभ्या राहतील. आत दोन दारांचा कप्पा, धान्याला. आणि खाली सगळ्यांत नवलाची गोष्ट. ड्रॉवरसारखा दिसणारा भाग ओढला, की पुढच्या पायांसकट तो सबंध बाहेर यायचा, त्यात एक फळी, आणि फळीच्या मधोमध मोठं, वाटोळं, गुळगुळीत कडांचं भोक.

मी कुंपणाला लोंबकळून म्हटलं, "हे टाकून देताय?"

"टाकत नाहीये. इकडचं तिकडे करतेय. माझ्या नवऱ्याच्या घराण्यातलं आहे, इंग्लंडहून आलेलं. दोनशे वर्षांच्या वरचं." तिने हातातलं फडकं झटकलं. "तुला आवडलं?"

मी मान हलवली. डोळे पाणावले असणार, कारण ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली.

"आमच्याकडे कुणालाच कधी आवडलं नाही. सासू लाजायची त्याला. नवरा त्यात खिळे ठेवायचा. घेऊन जा तू," ती म्हणाली. "पण आधी आत ये. चहा टाकते. याची एक गोष्ट आहे, ती कळल्याशिवाय नेऊ नकोस. मोठी गंमत आहे."

आत कुत्रा होता, फेसातले कप होते, बाहीतला रुमाल होता. शिवाय बाईचा विचार बदलला तर? मी म्हटलं, "नो वरीज, नेक्स्ट टाइम," आणि यांना हाका मारून कपाट उचललंसुद्धा.

आत गेले असते, अर्धा कप चहा घशाखाली ढकलला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं.

घरी आणल्यावर आधी शुद्धी. शेजारणीच्या गराजमधलं ना ते! वेंटवर्थव्हिलच्या एका मैत्रिणीच्या सासूबाईंनी देशातून गोमूत्र आणलं होतं, विमानतळावर ते कसं सुटलं ते विचारू नका. ते मी चारी कोपऱ्यांवर शिंपडलं. म्हणजे मुतावर मूत. गाय बिचारी इंग्रज बाईच्या मागाहून आली. मग साबण, मग काथ्या. गुलाबांचा थोडा रंग गेला, मी म्हटलं मळ गेला. झाडाखालच्या बाईच्या खांद्यावरून कापड घसरलेलं होतं, देवीपुढे हे कसं चालेल? तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून तैलरंगाची डबी आणून मी तिला गळाबंद मोरपंखी ब्लाउज रंगवला. हुक रंगवले. भोकाच्या कडेला आतून एक पिवळा-तपकिरी डाग होता, तो काही केल्या जाईना. मी यांना म्हटलं, "पितळेचं भांडं ठेवत असतील."

हे इंजिनिअर. गुडघ्यांवर बसून त्यांनी त्या भोकात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे भोक नेमकं कशासाठी असेल गं?"

"तपेल्यासाठी. दिसत नाही का? आपलं तीर्थाचं तांब्याचं तपेलं बरोब्बर बसतंय."

"इंग्रज तीर्थ द्यायचे?"

"अहो, तुम्हाला काय कळतंय त्यातलं? पूर्वीच्या लोकांचं सगळं आपल्यासारखंच होतं."

आणि खरोखरच, तपेलं त्या भोकात काठावर असं बसलं, की जणू मापाने करून घेतलं होतं. मापानेच होतं. फक्त माप तपेल्याचं नव्हतं.

त्या वर्षी महालक्ष्म्या काय सजल्या! कप्प्यात गहू-तांदूळ भरले, कोपऱ्यात लाडू-करंज्या. खालची फळी ओढून तीर्थाचं तपेलं. बायका वाकून वाकून बघायच्या. मी प्रत्येकीला सांगायचे, "ही खास देवकार्याचीच वस्तू दिसते, बघा ना, तीर्थाला जागा ठेवलीय." एकीने तर नवऱ्याच्या मागे भुणभुण लावली, मला पण असलंच हवं. ते धान्य आम्ही नंतर वर्षभर खायचो. दमट हवेत कपाट बंद राहिलं की उघडताना आतून एक आंबूस, कोंदट भपका यायचा. मी डोळे मिटून तो हुंगायचे आणि म्हणायचे, "जुन्या लाकडाचा वास, आता कुठे मिळतो असला?" मग कापूर ठेवायचे.

आठ वर्षं. शेजारणीला प्रसाद दर वर्षी द्यायचे, पण दारात, कागदाच्या ताटलीत, म्हणजे ताटली परत यायला नको. पूजेच्या तीन दिवसांत तिने उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू नये याची मी काळजी घ्यायचे. त्यामुळे तिच्या कपाटाचं मी काय केलंय हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिला वाटायचं, फुलदाणी ठेवते त्यावर.

माझ्या ऑफिसात वसईकडची एक ख्रिश्चन मैत्रीण होती. पुरणपोळीसाठी ती दर वर्षी जेवायला यायची. तिला मी आपल्यातलाच कप द्यायचे. ती मराठी बोलायची म्हणून तिला सवलत दिली होती, असं होतं माझं सोवळं, माणूस बघून आखडणारं आणि सैलावणारं. आठव्या वर्षी ऐन पूजेच्या दुपारी, घरात वीसेक बायका, मी सोवळ्यात, आणि दाराची घंटा वाजली. मैत्रीण दार उघडायला गेली आणि आली ती माझ्या शेजारणीचा हात धरून.

"अगं, या आजी बाहेर उभ्या होत्या. पोरीचा रेनकोट द्यायला आल्यात. मी म्हटलं, आत चला, आज काय बाहेरून जायचा दिवस आहे?"

शेजारणीने बुटांचा ढीग बघून आपणहून बूट काढले होते. मोज्यांवर उभी होती. तिने आधी त्या दोघींकडे पाहिलं, साड्या, दागिने, वर टांगलेला फुलोरा. चेहरा असा उजळला की काय सांगू. मग तिची नजर खाली सरकली. कपाट दिसलं. ब्लाउज दिसला. मग पुढे ओढलेली फळी, आणि फळीतलं तपेलं.

मी तपेल्याशेजारीच बसले होते, हातात पळी. तिचा रंग उतरताना मी पाहिला.

तेवढ्यात आमच्यातल्या एकीने उत्साहाने इंग्रजीत समजावून दिलं, की ही फार जुनी पवित्र वस्तू आहे आणि हे भोक खास होली वॉटरसाठी आहे.

"असं होय," शेजारीण म्हणाली.

बायका रांगेत होत्या, ती अनवधानाने रांगेतच उभी होती. तिची पाळी आली. सगळ्यांसारखा तिने उजवा हात पुढे केला. मी पळीभर तीर्थ वरून, स्पर्श होणार नाही असं, तिच्या तळहातावर सोडलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि प्यायली. बाकीच्या बायकांना ते काय होतं ते ठाऊक नव्हतं. तिला होतं.

"खूप सुंदर आहेत तुझ्या देवी, लव्ह," ती म्हणाली. इकडच्या म्हाताऱ्या सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात. रेनकोट खुर्चीवर ठेवला आणि ती गेली.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं. चौथ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. "आज तरी आत ये." मी तिच्या पायरीवरच उभी राहिले. शेवटी तीच बाहेर आली, पायरीवर बसली, आणि आठ वर्षं राहून गेलेली गोष्ट तिने मला तिथेच सांगितली, हळू आवाजात, जणू माझ्या घरी कुणी गेलं होतं.

इंग्लंडातल्या कुठल्याशा मोठ्या घरातल्या मालकिणीच्या शयनगृहातलं ते कपाट. रात्री थंडीत बाहेर कोण जाणार? ती खालची फळी ओढायची आणि भोकावर बसायचं. भोकात भांडं असायचं. ते काय आहे हे पाहुण्यांना कळू नये म्हणून वरून गुलाब रंगवलेले. रोज सकाळी एक मोलकरीण ते भांडं काढायची, कापडाने झाकायची आणि मागच्या जिन्याने खाली न्यायची. शेजारणीच्या नवऱ्याची खापरपणजी म्हणजे ती मोलकरीण. मोठं घर मोडलं, सामान विकलं गेलं, तेव्हा मालकिणीने इतक्या वर्षांच्या चाकरीबद्दल तिला तेच कपाट दिलं. थट्टा होती की भेट, देव जाणे. पण ती बाई लग्न करून जहाजाने इकडे आली तेव्हा कपडे त्यातच भरून आणले. लोक हसले तर म्हणायची, "इतकी वर्षं मी ते उपसलं, आता मी त्यावर बसणार."

हे सांगताना शेजारीण हसली. "बघ, गंमत आहे की नाही? मी त्या दिवशीच सांगणार होते. कितीदा बोलावलं तुला."

मी फक्त पहिला अर्धा भाग ऐकला होता. बसायचं. भोकात भांडं. माझ्या जिभेवर आठ वर्षांचं तीर्थ आलं, वर्षावर्षाचे गहू आले, करंज्या आल्या. तिच्या गुलाबांच्या वाफ्यात मी तिथल्या तिथे ओकले. ती उठून माझी पाठ चोळायला लागली. मी तिचा हात झटकला.

मग मी जे बोलले ते माझ्या तोंडून आजवर निघालेलं सगळ्यांत घाण बोलणं. म्हटलं, "तुम्ही तुमची विष्ठा आमच्या देवांना दिलीत." ती म्हणाली, "मी तुला आत बोलावत होते." मी म्हटलं, "कशी येणार आत? तुमच्या घरात पाणी प्यावंसं वाटतं का कुणाला? तुमचा कुत्रा तुमच्या ताटल्या चाटतो. तुम्हाला कप द्यायचा तर तो मी वेगळा ठेवलाय." हे सगळं माझ्या मोडक्या इंग्रजीत. व्याकरण चुकलं असेल, अर्थ नाही चुकला.

ती जाळीचं दार ओढून आत गेली.

त्याच दुपारी मी यांच्याकडून ते कपाट रस्त्यालगतच्या गवतावर नेऊन ठेववलं, जिथे लोक नको असलेलं सामान ठेवतात. आमच्या बाजूला पुष्कळ जागा होती, पण मी ते मुद्दाम तिच्या खिडकीसमोर ठेवलं. हे म्हणाले, "अगं, परत तरी दे तिला, तिच्या घराण्यातलं आहे." मी म्हटलं, "हात लावायचा नाही." लेक तेव्हा पंधराची. ती व्हरांड्यातून ओरडली, "आई, दॅट्स डिस्गस्टिंग!" मला वाटलं, कपाटाला म्हणाली.

अर्ध्या तासात एक यूट, म्हणजे उघड्या हौद्याची गाडी, थांबला, एका माणसाने कपाट हलवून पाहिलं, मागच्या हौद्यात आडवं टाकलं आणि निघून गेला. शेजारीण खिडकीत उभी होती. ती धावत बाहेर येईल असं मला वाटलं. आली नाही.

घरात मी धान्य फेकलं, तपेलं चिंचेने घासलं, मग तेही फेकलं. सगळ्या बायकांना सांगायचं की नाही यावर दोन रात्री झोप लागली नाही. सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुटीत वसईच्या मैत्रिणीला सांगितलं. वाटलं, ही पण शी शी करेल, दोघी मिळून करू. ती आधी हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मी पायरीवर काय बोलले ते सांगितलं, तेव्हा तिने डबा बंद केला.

"काय गं बाय," ती म्हणाली, "तिने ते पाणी सगळ्यांसमोर प्यायलं, तुझं हसं होऊ नये म्हणून. आणि तू तिला कप मोजून दाखवलेस?"

"मला किळस आली होती."

"कशाची?"

मी माझा डबा उचलून जागेवर गेले. पण त्या दिवसापासून गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मला ऐकू यायला लागला. मागचा जिना. झाकलेलं भांडं.

माझ्या माहेरच्या गावी, मी सहा-सात वर्षांची असताना, आमच्याकडे टोपलीचा संडास होता. रोज सकाळी मागच्या बोळातून एक बाई यायची, पदर नाकाला बांधून. लोखंडी पत्रा सरकवल्याचा आवाज यायचा. आम्ही मुलं नाक धरून पळायचो आणि लांबून तिला चिडवायचो. सणाच्या दुसऱ्या दिवशी ती बोळात थांबायची, आणि उरलेली पुरणपोळी आई तिच्या पदरात वरून टाकायची. वरून, स्पर्श होणार नाही असं. एकदा पोळी मातीत पडली. आईने दुसरी दिली नाही. बाईने ती उचलली, फुंकर मारली आणि टोपलीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. त्या क्षणी मला तिची इतकी किळस आली की मी दिवसभर जेवले नव्हते. घरातली घाण आमची होती. ती बाई फक्त ती घेऊन चालली होती. हे मला कळायला टूनगॅबीला येऊन एका संडासात तीर्थ ठेवावं लागलं. तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं.

आणि शेजारणीच्या तळहातावर मी तीर्थ सोडलं होतं ते डोळ्यांसमोरून जाईना. हात तोच. उंचीसुद्धा तीच.

आठ दिवस ती मला दिसली नाही. लेक मात्र रोज शाळेतून आली की सरळ तिच्याकडे जायची आणि माझ्याशी एक शब्द बोलायची नाही. कुंपणापलीकडे त्या दोघींचं हसणं ऐकू यायचं आणि मी आमटी ढवळत राहायचे. या देशात दाराची कडी वाजवून माझी विचारपूस करणारं एकच माणूस होतं, तेही गेलं, हे मला त्या आमटीसमोर उमगलं. आजारी पडले तेव्हा औषध कुणी आणून दिलं होतं, लेकीचा ताप पहिल्यांदा कुणी ओळखला होता, हे एकेक आठवायला लागलं. यांना म्हटलं, "ते कपाट शोधता येईल का?" त्यांनी आसपासच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून दोन शनिवार घालवले. नाही सापडलं.

शेवटी मी गेले. हातात काही नेलं नाही. काय नेणार होते, करंज्या? जाळीच्या दारावर टकटक केली. कुत्रा आधी आला, आतून जाळीला नाक लावून उभा राहिला. मग ती आली. दार उघडलं, पण अर्धंच.

मी सगळं पाठ करून गेले होते. कपाट हरवलं त्याचं, कपाचं, त्या केकचंसुद्धा. त्यातलं बहुतेक तिथेच राहिलं. कसंबसं म्हटलं, "मी चुकले. कपाट शोधलं, मिळालं नाही. मी चहाला आलेय."

 तिने बाहीतला रुमाल काढला, नाक पुसलं, परत खोचला. मग ती बोलली. इंग्रजीत बोलली, मी इथे मराठीत लिहितेय, पण त्यातला एकही शब्द मी गाळलेला नाही की गोड केलेला नाही:

"तू मला घाण समजतेस हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, लव्ह. मला वाटायचं, जाईल हळूहळू. उद्या ये. आज मला तुझं तोंड बघवत नाही."